कुणाची कोण? इरावती कर्वे यांचे गद्य

एकाच लेखिकेच्या नावावर मानवी कवटीच्या विषमतेवरचा जर्मनीतील प्रबंध, भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ, कोयना धरणामुळे उठलेल्या कुटुंबांची पाहणी, आठवडे बाजारांचा अभ्यास, महाभारतातील माणसांवरचे पुस्तक आणि ललितनिबंधांचे तीन संग्रह असा ऐवज जमा असला, की ग्रंथालयांची पंचाईत होते आणि समीक्षकांची सोय होते. ग्रंथालयाला ही पुस्तके तीन-चार वेगवेगळ्या कपाटांत ठेवावी लागतात. समीक्षक त्यांतले एक कपाट उघडतो आणि उरलेला माल 'बहुश्रुतता' या एका शब्दात गुंडाळून पुढे जातो. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांच्या वाट्याला मराठीत बहुधा हेच आले. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांचा १९५३ सालचा 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' ठाऊक असतो, पण 'परिपूर्ती' त्याने उघडलेली नसते. ललित गद्याच्या वाचकाला 'परिपूर्ती', 'भोवरा' आणि 'गंगाजल' हे संग्रह आवडतात, परंतु त्या निबंधांतील नजर प्रयोगशाळेत आणि गावोगावच्या ओसऱ्यांवर तयार झाली होती, याकडे त्याचे लक्ष जातेच असे नाही. आणि 'युगान्त' दोघांनीही वाचलेले असते, मात्र ज्याने त्याने आपापल्या सोयीने.

कपाटांची ही वाटणी बाजूला ठेवून पुस्तके शेजारी शेजारी मांडली, तर एकच प्रश्न निरनिराळ्या वेशांत पुन्हा पुन्हा भेटतो. समोरचे माणूस कुणाचे कोण? गावात नवखा पाहुणा उतरला की ओसरीवरची म्हातारी हाच प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत तिला त्या पाहुण्याचे नाव कळूनही काही कळल्यासारखे वाटत नाही. इरावतीबाईंनी या घरगुती चौकशीला शास्त्राची शिस्त लावली आणि शास्त्राचे काम संपल्यावरही ती चौकशी सोडली नाही. त्यांचे अष्टपैलुत्व म्हणून जे सांगितले जाते, ते या एका सवयीचा विस्तार आहे.

येरवड्याचा चढ

पुण्यात येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची दगडी, टोकदार कमानींची जुनी इमारत आहे. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे येरवड्याला आली, १९३४ मध्ये सरकारने बंद केली आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनाचे केंद्र म्हणून पुन्हा उघडली. त्याच वर्षी तेथे रुजू झालेल्या अभ्यासकांत इरावतीबाई होत्या, पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया होते, आणि त्यांच्या सोबतीला भाषाशास्त्राची मंडळी होती. शब्दांची व्युत्पत्ती शोधणारे, जमिनीतून हाडे काढणारे आणि जिवंत माणसांची कुळे लिहून घेणारे लोक एकाच आवारात काम करत असत. आजच्या विद्यापीठांत आंतरविद्याशाखीय अभ्यासासाठी वेगळ्या समित्या नेमाव्या लागतात. तेथे ते काम एका व्हरांड्यावर भागत असावे.

या शेजाराचा परिणाम लेखनात दिसतो. उत्तर गुजरातेतील लांघणज या ठिकाणी सांकळियांनी केलेल्या उत्खननात इरावतीबाई सहभागी होत्या. तेथे गारगोटीसारख्या दगडांची नखाएवढी हत्यारे, म्हणजे पुरातत्त्वाच्या भाषेत सूक्ष्म अश्मास्त्रे, आणि त्यांबरोबर मानवी सांगाडे मिळाले. मातीत गुडघे मुडपून पडलेल्या माणसाची हाडे ब्रशने मोकळी करायची, त्यांची मापे घ्यायची, आणि तरीही ते माणूस होते याचा विसर पडू द्यायचा नाही, हा सराव ज्याला झाला आहे, त्याला पुढे हस्तिनापुरातील माणसांकडे बघताना भक्तीचीही गरज भासत नाही आणि कुचेष्टेचीही.

येरवड्यापर्यंतचा त्यांचा रस्ता सरळ नव्हता. जन्म ब्रह्मदेशात मिंज्यानला. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता, आणि मुलीचे नाव त्या देशाच्या मोठ्या नदीवरून ठेवलेले. शिक्षणासाठी लहानपणीच पुण्याच्या हुजूरपागेत धाडलेली ही मुलगी रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी, मुंबईला गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरचा प्रबंध, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी विवाह, मग दोन वर्षे बर्लिन, परतल्यावर मुंबईत महिला विद्यापीठात कुलसचिवाची नोकरी, आणि त्यानंतर डेक्कन कॉलेज. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना सुनेचे जर्मनीला जाणे मनापासून रुचले नव्हते, ही या घराण्याच्या इतिहासातली एक गमतीची, पण अर्थपूर्ण गाठ आहे. प्रवासाचे पैसे डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ मिळाले.

वाकड्या पायांचा कंपास

कवटी मोजण्याचे मुख्य साधन म्हणजे बाहेरच्या अंगाला फुगलेल्या वाकड्या पायांचा एक कंपास. त्याला कॅलिपर म्हणतात. त्याचे एक टोक दोन्ही भुवयांच्या मधल्या उंचवट्यावर टेकवायचे आणि दुसरे डोक्याच्या मागच्या बाजूला सर्वांत दूरचा बिंदू सापडेपर्यंत सरकवायचे, की लांबी मिळते. कानांच्या वर जेथे डोके सर्वांत रुंद असते तेथे दोन्ही टोके टेकवली, की रुंदी मिळते. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले म्हणजे शीर्षनिर्देशांक निघतो. तो ७५ च्या खाली असेल तर माणूस लंबशिरस्क, ८० च्या वर असेल तर रुंदशिरस्क. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत या साध्या भागाकारावर माणसांच्या श्रेणी लावण्याचे मोठमोठे इमले युरोपात रचले गेले, आणि त्यांचा शेवट कोठे झाला हे सर्वांना माहीत आहे.

इरावतीबाई १९२८ ते १९३० या काळात ज्या संस्थेत शिकत होत्या, ती बर्लिनच्या डाहलेम उपनगरातील कैसर विल्हेल्म संस्था मानवशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजनन यांसाठी स्थापन झालेली होती, आणि तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. इरावतीबाईंना दिलेला विषय होता मानवी कवटीची आणि सांगाड्याची डावी-उजवी विषमता. युरोपीय माणसाची कवटी इतरांहून अधिक विषम असते आणि त्यामागे त्याच्या मेंदूची विशेष जडणघडण आहे, असे काही सिद्ध होईल ही गुरूंची अपेक्षा होती. शिष्येने निरनिराळ्या खंडांतून आणलेल्या कवट्या मोजल्या आणि विषमता वंशाप्रमाणे बदलत नाही, असे लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या सहीने पदवी मिळायची त्यांच्याच गृहीताविरुद्ध आकडे मांडणे ही गोष्ट किरकोळ नव्हे. त्यांच्या मराठी गद्यात पुढे जे एक सरळ, न बिचकणारे विधान वारंवार येते, त्याचा पहिला नमुना त्या प्रबंधात शोधायला हरकत नाही.

एवढे मान्य करून दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मोजमापाचे शास्त्र त्यांनी बर्लिनमध्येच सोडले नाही. महाराष्ट्रातल्या जातींची डोकी, नाके आणि उंची त्या पुढे कित्येक वर्षे मोजत राहिल्या, आणि त्यांच्या एकंदर कामात काळाने सर्वांत जास्त जुना केलेला भाग हाच आहे. शरीराच्या मापांवरून समाजगटांची उत्पत्ती सांगता येते या गृहीताला आज फारसा आधार उरलेला नाही. तरीही त्या मापांमधून त्यांनी काढलेला एक निष्कर्ष मापांपेक्षा अधिक टिकाऊ निघाला.

मोठे चाक, लहान चाक

महाराष्ट्रात कुंभार म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच जात येते. प्रत्यक्षात थोरचाके आणि लहानचाके असे कुंभारांचे वेगवेगळे गट आहेत. एकाचे चाक मोठे, दुसऱ्याचे लहान, आणि चाक बदलले की मडके घडवण्याची पद्धतही बदलते. या गटांत बेटीव्यवहार होत नाही. प्रचलित समजूत अशी होती की मूळ एक कुंभार जात असावी आणि कालांतराने तिची शकले झाली असावीत. इरावतीबाईंनी उलट दिशेने विचार केला. लग्ने होत नाहीत, हत्यार एक नाही, शरीराची मापेही जुळत नाहीत, मग हे एकाच खोडाचे फाटे कशावरून? वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले, आपापली नाती सांभाळून राहिलेले स्वतंत्र गट एकच धंदा करतात म्हणून बाहेरच्यांनी त्यांना एक नाव दिले असेल. अशा समूहाला त्यांनी जातींचा पुंजका मानले, आणि खरी जात म्हणजे ज्यांच्यात सोयरीक होते तो नातेवाइकांचा विस्तारलेला गोतावळा, असे १९६१ च्या 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' या पुस्तकात मांडले. गुरू घुर्ये यांच्या मांडणीशी हा मतभेद होता आणि तो त्यांनी झाकला नाही.

जात ओळखायची तर धंद्याआधी सोयरीक विचारा, असे या मांडणीचे सार सांगता येईल. म्हणजे पुन्हा ओसरीवरच्या म्हातारीचाच प्रश्न.

मामंजी आणि आत्याबाई

नातेव्यवस्थेचा अभ्यास कसा होतो, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. अभ्यासक गावात बसतो आणि एका माणसाला मध्यभागी धरून त्याची वंशावळ कागदावर मांडतो. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन आडव्या रेघा. मग प्रत्येक त्रिकोणाला आणि वर्तुळाला तो माणूस कोणत्या शब्दाने हाक मारतो हे विचारले जाते. उत्तरे कंटाळवाणी वाटतात, पण त्यांत समाजाचा नकाशा असतो. जुन्या मराठी घरातली सून सासऱ्यांना मामंजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. नीट ऐकले तर ही दोन नावे आधीपासून तिच्या ओळखीची आहेत. एक आईच्या भावाचे आहे आणि दुसरे वडिलांच्या बहिणीचे. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत ज्या समाजात असते, तेथे सासरा मुळातच मामा असतो आणि सासू मुळातच आत्या. रीत मागे पडली, ज्या जातींत ती कधी नव्हती त्यांनीही शब्द उचलले, पण हाक मागे राहिली.

अशा हाका, लग्नाचे नियम आणि जमिनीचे वाटप यांच्या आधारे इरावतीबाईंनी भारताचे चार नातेपट्टे मांडले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी जाते आणि माहेर-सासर यांच्यात एक पक्की भिंत असते. दक्षिणेत ती मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाते, कित्येकदा मामाशीच तिचे लग्न होते, आणि सासर हे माहेराचेच पुढचे दालन ठरते. पूर्वेकडे मुंडा आणि तत्सम भाषा बोलणाऱ्यांची रीत आणखी निराळी. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. येथे मामेबहीण अनेक जातींत चालते, आतेबहीण सहसा चालत नाही. उत्तर आणि दक्षिण यांच्या मधोमध उभ्या असलेल्या समाजातील स्त्रीने हा ग्रंथ लिहिला, याचा त्याच्या दृष्टीशी संबंध असला पाहिजे. दोन्हीकडची रीत तिला अर्धी आपली आणि अर्धी परकी वाटत होती.

आकडेमोड आणि आकृत्या असलेला हा ग्रंथ मध्येच अचानक जिवंत होतो. वधू सासरच्या उंबऱ्यावर कशी उभी राहते, कुणासमोर डोक्यावर पदर घेते आणि कुणासमोर मोकळेपणाने हसते, या गोष्टी लेखिकेने आकडा म्हणून पाहिलेल्या नाहीत.

हस्तिनापुरातील सोयरीक

भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. चिकित्सक आवृत्ती म्हणजे देशभरातील हस्तलिखिते श्लोकागणिक ताडून, बहुसंख्य जुन्या प्रतींना मान्य असलेला पाठ वर ठेवायचा आणि नंतरची भर तळटीपांत व परिशिष्टांत उतरवायची. सभेत द्रौपदीचे वस्त्र फेडले जात असताना धावून येणारा कृष्ण या चाळणीतून खाली, टीपांत गेला. ज्या वाचकाच्या मनात तो प्रसंग कीर्तनातून ठसलेला आहे, त्याला हा धक्का आहे. इरावतीबाईंनी हा धक्का पचवूनच लिहायला सुरुवात केली. १९४० च्या दशकातच त्यांनी महाभारतातील नातेव्यवस्थेवर डेक्कन कॉलेजच्या नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध केला होता. १९६७ चे 'युगान्त' हे त्या कोरड्या अभ्यासाचे वीस-पंचवीस वर्षांनी झालेले रूपांतर आहे. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि मराठीसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

नातेशास्त्रज्ञाची नजर महाभारतात काय पाहते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कुंती ही वसुदेवाची बहीण, म्हणून सुभद्रा ही अर्जुनाची मामेबहीण. पळवून नेण्याचा थरार बाजूला केला तर हे लग्न मधल्या पट्ट्यातील रीतीला धरून आहे. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत लोकप्रिय झालेल्या वत्सलाहरणाच्या कथेत तर अभिमन्यूही बलरामाच्या मुलीशी, म्हणजे पुन्हा मामेबहिणीशीच लग्न करतो. मूळ संस्कृत महाभारतात ही कथा नाही, पण ज्या प्रदेशाने ती रचली त्याला दुसरी सोयरीक सुचली नसावी.

'युगान्त'मधील निष्कर्ष याच वाटेने येतात. भावाच्या विधवेच्या किंवा अपत्यहीन भावजयीच्या ठायी दिराने संतती निर्माण करण्याच्या रूढीला नियोग म्हणतात. ती रूढी, विदुराला धर्माचा अवतार मानण्याची परंपरा, धर्मराज हा कुंतीला धर्मापासून झालेला मुलगा, आणि विदुराने शेवटी योगबलाने धर्मराजाच्या शरीरात केलेला प्रवेश, हे सारे धागे एकत्र ठेवून विदुर हाच धर्मराजाचा पिता असेल का, असा प्रश्न त्या उभा करतात. तो प्रश्नच राहतो. पुरावा त्याहून पुढे नेत नाही, आणि नेत नाही हे त्या लपवत नाहीत. खांडववनाच्या दहनात अग्नीची भूक शमवण्याची कथा बाजूला सारून त्या जळणारे प्राणी आणि नाग मोजतात, आणि नव्या वस्तीसाठी जमीन मोकळी करताना तेथील रहिवाशांचे काय झाले, ते वाचकाला पाहायला लावतात.

द्रौपदीवरचा लेख या पुस्तकात सर्वांत जास्त वादग्रस्त ठरण्याजोगा आहे. स्वतःला आधीच हरलेल्या नवऱ्याला बायको पणाला लावता येते का, हा द्रौपदीचा सभेतला प्रश्न आधुनिक वाचकाला तेजस्वी वाटतो. इरावतीबाई मात्र तो प्रश्न तिची घोडचूक मानतात. दासाचा बायकोवर हक्क उरत नाही असे उत्तर आले तर ती नवऱ्याविना उरते, आणि उरतो असे आले तर ती दासी ठरते, दोन्हीकडून नाश. शिवाय वडीलधाऱ्यांच्या सभेत एका तरुण सुनेने पांडित्य दाखवावे, हे त्यांना तिच्या हिताचे वाटत नाही. स्वतः आयुष्यभर सभांतून पांडित्य दाखवलेल्या लेखिकेने हा न्याय द्यावा, यात एक विसंगती आहे आणि तो न्याय कठोरही आहे. पण तो न्याय सभेच्या आतून, त्या काळच्या नात्यांच्या कायद्याने दिलेला आहे, आणि त्या कायद्यात बाईला सुटका कशी नव्हती हे कोणत्याही निषेधापेक्षा त्यातून जास्त कळते.

याच लेखाच्या शेवटी त्यांनी एक गोष्ट केली आहे, जी त्यांच्या शैलीच्या गाभ्याशी नेते. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी प्रथम कोसळते, धर्मराज मागे न बघता चालत राहतो, एवढे महाभारतात आहे. इरावतीबाईंनी त्यापुढे भीम मागे वळून तिच्यापाशी येतो असा एक लहानसा प्रसंग रचला. पुढच्या जन्मी त्याने पाचांतला थोरला व्हावे, एवढेच द्रौपदी त्याच्यापाशी मागते. हा प्रसंग मुळात नाही, ही आपली नरोटी आहे, असे त्यांनी वाचकाला आधीच बजावले आहे. नरोटी म्हणजे खोबरे काढून घेतलेली रिकामी करवंटी. हा शब्द त्यांनी एकनाथांकडून घेतला. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ निवडून काढल्यावर, यात यापुढे जो आपली ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजा, अशा अर्थाचा इशारा एकनाथांनी दिला होता. म्हणजे मराठीतील पहिल्या मोठ्या पाठचिकित्सकाचा शब्द उचलून इरावतीबाईंनी स्वतःच्या कल्पनेवर खूण केली: येथपर्यंत व्यास, येथून पुढे मी. त्या पुस्तकातील सर्वांत हृद्य ओळी या नरोटीतल्याच आहेत, हा भाग वेगळा.

घुर्ये यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन केलेल्या दुर्गा भागवत यांचे 'व्यासपर्व' १९६२ मध्ये आले होते. दोन्ही पुस्तके नेहमी एका दमात उच्चारली जातात, परंतु त्यांचा पिंड निराळा आहे. दुर्गाबाई व्यक्तीच्या एकाकी अंतरंगात उतरतात आणि त्यांचे वाक्य प्रतिमांनी जड होत जाते. इरावतीबाई व्यक्तीला तिच्या आप्तांमध्ये उभी करतात आणि त्यांचे वाक्य हलके राहते.

आखूड वाक्ये

इरावतीबाई लिहू लागल्या तेव्हा मराठीत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांनी घडवलेला लघुनिबंध भरात होता. एखादा क्षुल्लक विषय घ्यायचा, त्यावर खेळकर कल्पनांची आतषबाजी करायची आणि शेवटी एक चमकदार कलाटणी द्यायची, अशी त्याची घडण असे. 'परिपूर्ती' (१९४९) या घडणीपासून दूर जाते. पुढे ललितनिबंध हे नाव ज्या अधिक मोकळ्या, अनुभवाशी निष्ठ असलेल्या प्रकाराला मिळाले, त्याची वाट रुंद करणाऱ्यांत हे पुस्तक आहे.

त्यांची वाक्ये आखूड असतात, क्रियापद आपल्या जागी असते, विशेषण क्वचितच येते. परदेशी शिकलेल्या प्राध्यापकाच्या लेखनात ज्या जड पारिभाषिक शब्दांची अपेक्षा असते, ते जवळजवळ नाहीत. घरात बोलली जाणारी पुणेरी मराठी आहे, आणि नवऱ्याचा उल्लेख 'दिनू' असा सरळ एकेरीत आहे, जो त्या काळच्या वाचकाला खटकला असणार. वर्णन करताना त्या आधी डोळ्यांनी दिसलेले सांगतात, मग ऐकू आलेले, आणि अर्थ शेवटी, तोही बहुधा प्रश्नाच्या रूपात. क्षेत्रपाहणीच्या वहीत असाच क्रम पाळायला शिकवतात: आधी निरीक्षण, मग माहितगाराचे बोलणे, आणि अभ्यासकाचा तर्क कंसात.

'परिपूर्ती' हा निबंध तर कागदावर मांडलेल्या वंशावळीसारखाच रचलेला आहे, फक्त मध्यभागी लेखिका स्वतः आहे. एका समारंभात तिची ओळख करून दिली जाते: अमक्याची मुलगी, थोर समाजसुधारकाची सून, नामांकित प्राध्यापकाची पत्नी, स्वतः विदुषी. सगळी वर्तुळे आणि त्रिकोण भरले, तरी काहीतरी राहून गेल्याची रुखरुख तिला लागते. पुढे रस्त्यात खेळणाऱ्या पोरांपैकी एकजण दुसऱ्याला सांगतो, की ती चाललेली बाई आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई आहे, आणि चित्र पुरे होते. वात्सल्याचा निबंध म्हणून तो पाठ्यपुस्तकांतून गाजला. पण पहिल्या भागातील त्या भरगच्च परिचयातली सूक्ष्म थट्टा सोडून दिली, तर तो निम्माच वाचला असे म्हणावे लागेल. स्कूटरवरून पुण्यात हिंडणाऱ्या या बाईला सतत कुणाची तरी कोण असण्याचा कंटाळाही येत असणार.

हीच दृष्टी घेऊन त्यांनी फलटणच्या वाढत्या गावाचा अभ्यास केला, कन्या जाई निंबकर यांच्यासह कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली आणि १९६९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दुसरी कन्या गौरी देशपांडे यांनी मराठी कथा-कादंबरीत नवरा-बायको-प्रियकर या नात्यांची जी उलथापालथ केली, तिचा आईच्या त्रिकोण-वर्तुळांशी काही संबंध असेल का, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पालखीबरोबर

आषाढीची वारी आळंदी-देहूहून निघून पंढरपूरला पोचते, आणि तिची रचना दिंडी या घटकावर उभी असते. दिंडी म्हणजे एका फडाशी किंवा गावाशी बांधलेला, ठरलेल्या क्रमाने चालणारा आणि एकत्र मुक्काम करणारा गट. पुढे पताका, मध्ये टाळकरी आणि वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस किंवा पाण्याची घागर घेतलेल्या बाया. चालताना जातीचा भेद नाही, भजनात नाही. मुक्कामाला चुली पेटल्या की तो दिसू लागतो; निदान इरावतीबाई चालल्या तेव्हा दिसत होता. विठोबाला लाडाने 'बॉय फ्रेंड' म्हणणारी ही लेखिका भाविक म्हणून चालली की मानवशास्त्रज्ञ म्हणून, हा वाद निरर्थक आहे. 'वाटचाल' या निबंधात दोघी आहेत आणि त्यांचे एकमेकींशी पटत नाही.

वाटेवर त्यांच्या कानांवर मराठीच्या कितीतरी बोली पडतात, आणि ज्या प्रदेशातील लोक पंढरीच्या वारीला जातात तो महाराष्ट्र, अशी एक व्याख्या त्यांना सुचते. राज्यपुनर्रचनेच्या वादात भाषेच्या सीमा आखल्या जात होत्या त्या दशकांत पायी चालून काढलेली ही सीमा विलक्षण होती आणि ती पुढे पुष्कळदा उद्धृत झाली. निबंधातील खरी नोंद मात्र त्याहून अवघड आहे. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका होत्या. दिवसभर एकच अभंग, एकच चाल. संध्याकाळी स्वयंपाक वेगळा, पंगत वेगळी. दोन्हीकडे आंघोळ केल्यावाचून कुणी जेवत नव्हते, मग हे अंतर कशासाठी, आणि संतांची वचने बरोबरीने गायची ती काय फक्त परलोकात एक होण्यासाठी, असा प्रश्न त्यांना छळतो.

त्यांनी मराठा बायकांबरोबर जेवण घेतले. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या. चालताना हात धरू लागल्या, घरचे सांगू लागल्या, आणि पंढरपूर जवळ येईपर्यंत त्यांना ताई म्हणू लागल्या. चार नातेपट्ट्यांतील हजारो हाका वहीत उतरवलेल्या अभ्यासिकेला आता स्वतःलाच एक हाक मिळाली होती, आणि ती कोणत्याही वंशावळीत बसणारी नव्हती. पुण्याला आलो की तुमच्या घरी येऊ, असे काहीजणी म्हणाल्या. तेवढ्यात एका तरुण मुलीने विचारले, की तेव्हाही तुम्ही आमच्याशी आत्ता वागता तशाच वागाल ना? इरावतीबाईंनी तिला काय उत्तर दिले, ते त्या लिहीत नाहीत. प्रश्न जिव्हारी लागला, एवढे लिहितात.